केसाएवढी रेघ

व्हाइटफील्डमध्ये एखादी गोष्ट महाग आहे हे किंमत न लिहिता कळवायचं असेल, तर ती एका ठरावीक वळणाच्या इंग्रजी अक्षरात लिहितात. नव्या गृहसंकुलाचं होर्डिंग, मॉलमधल्या दागिन्यांच्या दुकानाची पाटी, एका कप कॉफीला जेवणाचे पैसे घेणारं कॅफे, त्वचारोगतज्ज्ञाचं चकचकीत क्लिनिक, सगळीकडे तेच. उभ्या रेघा भरदार, आडव्या रेघा केसाएवढ्या, आणि टोकांना पातळ पात्यासारखे आडवे पाय. होप फार्मच्या चौकातून आयटीपीएलकडे जाताना गाडी अडकली की मी ही अक्षरं मोजत बसतो. गाडी रोजच अडकते, त्यामुळे मोजणी बरीच झाली आहे. धंदाच तो. तीस वर्षं अक्षरजुळणी करतोय, आधी पुण्यात, आता इथे.

गेल्या वर्षी शेजारच्या काकूंकडे मुलीचं लग्न ठरलं. मुलगा म्हैसूरकडचा, म्हणून पत्रिका इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन लिप्यांत. काकूंनी फोनवर एका फॅशनच्या मासिकाचं मुखपृष्ठ काढून दाखवलं. म्हणाल्या, "हे असं हवंय बघा. नाजूक आणि तरी भारदस्त. आणि मराठीसुद्धा अगदी असंच करून द्या हं." मी हो म्हणालो. त्या 'अगदी असंच'मध्ये माझे पंधरा दिवस गेले. त्या दिवसांत काकूंना चहाच्या टेबलावर जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

काकूंना आवडलेल्या अक्षराच्या प्रकाराला हाय-कॉन्ट्रास्ट सेरिफ म्हणतात. सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेला टोकाशी असलेला छोटा आडवा पाय. कॉन्ट्रास्ट म्हणजे एकाच अक्षरातल्या सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक रेघेतला फरक. रोजच्या पुस्तकात जे इंग्रजी अक्षर असतं त्यात जाड रेघ बारकीच्या तिप्पट-चौपट असते, आणि वाचताना ते जाणवतही नाही. या मंडळींत ती सात-आठपट, कधी दहापटही असते. आता फाँट आखताना आपण एक चौकट घेतो, तिची उंची एक हजार भाग धरतो आणि त्यात अक्षर बसवतो. समजा जाड उभी रेघ दीडशे भाग आणि बारीक रेघ वीस भाग. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे सगळा हिशेब यांवरच आहे.

मोठा 'एच' घ्या. दोन जाड खांब, मधे एक तार. तारेची जाडी वीस, खांबांच्या पायांचीही वीसच. जुन्या वळणाच्या अक्षरात खांब आणि पाय यांच्यामध्ये एक हलकी कमान असते, झाडाचं खोड मुळाशी रुंदावतं तशी. इथे ती नाही. खांब सरळ खाली येतो आणि काटकोनात पातळ पट्टीवर उभा राहतो. सगळी ऐट या काटकोनात आहे. लहान लिपीतल्या 'आर'चं किंवा 'सी'चं टोक मात्र एका गोल गोळीत संपतं, नथीतल्या मोत्यासारखं. त्या तारेला कुठेतरी वजन हवं, नाहीतर अक्षर हवेत संपल्यासारखं वाटतं.

'ओ' काढणं मला नेहमी सगळ्यात अवघड वाटतं. त्याच्या दोन कुशी जाड, माथा आणि तळ तारेएवढे. ही जाडी कुठून कुठे आणि किती वेगानं उतरवायची, यावर अख्खा फाँट तरतो किंवा बुडतो. लवकर उतरवली तर 'ओ' दोन केळी समोरासमोर ठेवल्यासारखा दिसतो, उशिरा उतरवली तर कॉन्ट्रास्टच हरवतो. त्यात डोळा फसवतो. गोलाची कुशी खांबाइतकीच दीडशे भाग ठेवली तर ती बारीक भासते, म्हणून थोडी वाढवावी लागते. गोल बरोबर ओळीवर टेकवला तर तो लहान आणि अधांतरी दिसतो, म्हणून तो वर-खाली दहा-पंधरा भाग बाहेर काढायचा. मोजपट्टीनं चूक आणि डोळ्यानं बरोबर, अशी ही कामं असतात.

हे वळण आलं कुठून? रुंद टोकाच्या कलमानं लिहिलं तर रेघेची जाडी दिशेवर ठरते. हात कुठे वळला यावरून रेघ जाड किंवा बारीक होते, दाब दिला नाही तरी चालतं. युरोपात अठराव्या शतकात टोकदार, लवचीक टाक रुळला. त्याचं गणित वेगळं. खाली ओढताना दाब दिला की टाकाच्या दोन पाती फाकतात आणि शाई भरून येते, वर नेताना दाब सोडला की नुसती तार. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यांनी हीच लकब उचलली. बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा आधी स्वतः सुलेखन शिकवणारा माणूस. त्यानं १७५७ मध्ये व्हर्जिलचं पुस्तक छापलं, तेव्हा बारीक रेघ टिकावी म्हणून गुळगुळीत विणीचा कागद वापरला आणि छापलेला कागद तापवलेल्या पत्र्यांमध्ये दाबला. अक्षर बदलायचं तर आधी कागद बदलावा लागतो, हे त्याला कळलं होतं. त्याच्या पुढचं पाऊल पॅरिसच्या फिर्मां दिदोनं १७८० च्या दशकात टाकलं आणि इटलीतल्या पार्मा गावी ड्यूकच्या छापखान्यात बसलेल्या जाम्बातिस्ता बोदोनीनं ते टोकाला नेलं. बोदोनी १८१३ मध्ये वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याच्या पत्नीनं १८१८ मध्ये छापून पुरा केला. काकूंच्या फोनवरचं मुखपृष्ठ या घराण्यातलं.

आता आकड्यांकडे. अक्षर ९ पॉइंटात छापलं, म्हणजे पत्रिकेतल्या कार्यालयाच्या पत्त्याएवढं, तर वीस भागांची रेघ किती येते? ९ पॉइंटांच्या हजार भागांतले वीस, म्हणजे ०.१८ पॉइंट. मिलिमीटरमध्ये ०.०६३. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर असतो, म्हणजे ही रेघ खरोखर केसाहून बारीक. छपाईची प्लेट ती धरते. इंचाला २४०० ठिपके असले तर त्या रेघेच्या वाट्याला सहा ठिपके येतात. कागद मात्र धरत नाही. खरबरीत हँडमेड कागदावर ती तुटक उमटते, शोषणाऱ्या कागदावर पसरून दुप्पट होते. फोनवर तर त्याहून वाईट. १६ पिक्सेलच्या अक्षरात ही रेघ ०.३२ पिक्सेल येते. एक तृतीयांश पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून यंत्र अख्खा पिक्सेल फिकट राखाडी करतं. काळी तार असायची तिथे धुकं.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटायचा, कारण प्रत्येक आकाराचा खिळा वेगळा कोरावा लागे. कोरणारा ८ पॉइंटाच्या खिळ्यात बारीक रेघ जरा जाड ठेवायचा, अक्षरं जरा रुंद आणि सुटी ठेवायचा. ४८ पॉइंटात तोच माणूस रेघ तारेएवढी करायचा आणि अक्षरं जवळ घ्यायचा. नाव एकच, पण चित्रं वेगवेगळी. संगणकावर आल्यावर एकच चित्र लहान-मोठं करायची सोय झाली आणि हे शहाणपण गळून पडलं. १९९१ मध्ये जोनाथन हफ्लरनं 'हार्पर्स बझार' मासिकासाठी दिदो घराण्याचा फाँट केला, तेव्हा त्यानं ते परत आणलं. सात आकारांसाठी सात वेगवेगळी चित्रं, ६ पॉइंटापासून ९६ पर्यंत. ६ पॉइंटाचं चित्र ९६ मध्ये वापरलं तर ते गावठी दिसतं, आणि ९६ चं चित्र ६ मध्ये वापरलं तर ते दिसतच नाही. २०१६ नंतर व्हेरिएबल फाँट आले आणि आता एकाच फाइलमध्ये आकार बदलला की रेघेची जाडी आपोआप सरकते, अशी सोय झाली आहे. फाँट घेताना त्यात 'डिस्प्ले' आणि 'टेक्स्ट' अशी दोन रूपं आहेत का, हे मी पहिल्यांदा बघतो. नुसतं 'डिस्प्ले' असेल तर तो शीर्षकापुरता. फुकटात मिळणारा 'प्लेफेअर डिस्प्ले' लोक पत्त्यालाही लावतात. त्याच्या नावातच इशारा आहे, पण नाव वाचतो कोण.

इथवर काकू शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "इंग्रजीचं कळलं. मराठीचं सांगा."

मराठीचं सांगायला मला घरातून एक पोथी आणावी लागली. आजोबांची, निर्णयसागर छापखान्याची. जावजी दादाजी चौधरी हे मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. खिळ्यांच्या मूळ मुद्रा कोरल्या त्या राणोजी रावजी आरू यांनी. हे नाव आपल्याकडे बोदोनीच्या नावाइतकं तरी माहीत असायला हवं होतं. पोथीचं पान भिंगाखाली धरलं की दिसतं: देवनागरीतही कॉन्ट्रास्ट आहे, चांगला ठसठशीत आहे. पण तो बोदोनीचा नाही, तो बोरूचा आहे.

बोरूनं ज्यांनी कित्ता गिरवला असेल त्यांना आठवत असेल, बोरूला तिरका कत द्यायचा. रोमन लिहिणाऱ्याच्या कलमाचा कल एका बाजूला, देवनागरीचा नेमका उलट बाजूला. म्हणून रुंद कलमानं काढलेल्या रोमन 'ओ'चा भार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर पडतो, तर बोरूनं काढलेल्या 'ठ'चा भार डावीकडे वर आणि उजवीकडे खाली येतो. आरशात बघितल्यासारखं. आणि कत साधारण निम्म्या काटकोनात असल्यामुळे काना आणि शिरोरेषा यांची जाडी जवळपास सारखी पडते. आडवी रेघ बारीक आणि उभी जाड, हा बोदोनीचा नियम बोरूला ठाऊकच नाही. बारीक रेघ येते ती वळणाच्या पोटात, गाठीच्या तोंडाशी, कान्याला जोड मिळते तिथे.

शिरोरेषा जाड ठेवायला आणखी एक साधं कारण होतं. छापताना खिळ्याला खिळा लागून ती ओळभर जुळायची. दोन खिळ्यांत जरा फट राहिली की जाड रेघेत ती खपून जाते. केसाएवढी रेघ असती तर दर अक्षराला तुटली असती, आणि खिळ्याची ती कड दाबाखाली झिजून दोन-चार आवृत्त्यांत नाहीशी झाली असती.

मग आता, खिळे गेल्यावर, देवनागरीला बोदोनीचा नियम लावला तर काय होईल? मी काकूंसमोर लावून दाखवला. 'आगमन' शब्द घेतला. सगळे काने दीडशे भाग जाड, शिरोरेषा वीस भाग. मोठ्या आकारात पहिली नजर पडते तेव्हा झक्क दिसतं. दुसऱ्या नजरेला काने मोजा: 'आ'चे दोन, 'ग'चा एक, 'म'चा एक, 'न'चा एक. पाच जाड खांब ओळीनं उभे, आणि अक्षराची ओळख पटवणारा डावीकडचा भाग त्यांच्यामध्ये चेंगरलेला. रोमनमध्येही ही तक्रार आहे, खिडकीच्या गजांतून वाचल्यासारखं वाटतं. पण तिथे 'ओ', 'ई', 'सी' अशी गोल अक्षरं मधूनमधून श्वास घ्यायला मिळतात. आपल्याकडे निम्म्याहून अधिक व्यंजनांना काना आहे, आणि 'आ'चा वेगळा काना वर.

शिरोरेषा केसाएवढी झाली की दुसरा घोटाळा. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांतला फरक काही अंशी शिरोरेषा तुटली आहे की नाही यावर आहे. ती रेघच पुसट झाली तर 'वधू'ची 'वघू' होते. लग्नाच्या पत्रिकेत हे चालणार नाही.

आणि मात्रा. इथे मी काकूंना माझी स्वतःची फजिती सांगितली. काही वर्षांपूर्वी एका मोरे कुटुंबाची पत्रिका केली होती. गडद मरून कागद छापायचा, त्यात पांढरी अक्षरं कोरी सोडायची. आम्ही याला रिव्हर्स म्हणतो. फाँट नवा, हौसेनं घेतलेला, त्यात मात्रा बारीक. मी स्क्रीनवर चारशे टक्के मोठं करून बघितलं, सुंदर होतं, पाठवून दिलं. छापताना शाई चारी बाजूंनी किंचित आत सरकते. पांढऱ्या खांबाला त्याचं काही नाही, पांढऱ्या तारेचा मात्र गळा आवळला जातो. गठ्ठा घरी आला तेव्हा 'मोरे'वरच्या दोन्ही मात्रा शाईनं गिळल्या होत्या आणि खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'मार परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे'. छापखान्यानं बोट माझ्याकडे दाखवलं, मी छापखान्याकडे. पैसे अर्धे-अर्धे भरले.

रोमन अक्षराची तार गेली तर वाचणारा ती अंदाजानं भरून घेतो. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार हे सगळं शिरोरेषेच्या वर, लहानशा जागेत राहतं आणि त्यावर शब्दाचा अर्थ टांगलेला असतो. 'सौ'ची एक मात्रा गेली की 'सो' उरतो. म्हणून देवनागरीत बारीक रेघ कुठे चालेल आणि कुठे नाही, याचा निर्णय अक्षराच्या रूपावर नाही, त्याच्या कामावर घ्यायला हवा. गाठीच्या तोंडाशी तार करा, वळणाच्या पोटात करा. मात्रा आणि रफार यांना हात लावू नका.

चांगले कारागीर हे जाणतात. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ मध्ये 'रोझा वन' नावाचा फाँट काढला, देवनागरी आणि रोमन एकाच फाइलमध्ये, अतिशय कॉन्ट्रास्टचा. तो एकाच वजनात आहे आणि मोठ्या शीर्षकासाठीच आहे, तिथे तो छान शोभतो. दुसरं टोक म्हणजे 'तिरो देवनागरी'. बेंगळुरूच्या मूर्ती घराण्यातल्या रोहन मूर्ती यांच्या देणगीतून हार्वर्ड विद्यापीठ प्रकाशनानं भारतीय अभिजात ग्रंथांची माला काढली, तिचे पहिले खंड २०१५ मध्ये आले. त्या मालेसाठी केलेल्या फाँटांतून हे कुटुंब पुढे वाढलं, आणि आता ते कुणालाही मोफत वापरता येतं. त्यात हिंदी, संस्कृत आणि मराठी अशी तीन वेगळी रूपं आहेत. मराठी रूपात 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे मिळतात. पुस्तकी मजकुराला इतका शांत कॉन्ट्रास्ट मला दुसरीकडे फार कमी दिसला. बरीच वर्षं संगणकावर रोज दिसला तो र. कृ. जोशी यांचा 'मंगल' पडद्यासाठी केलेला, त्यात कॉन्ट्रास्ट बेतानंच ठेवला आहे. पडद्यावर ते बरोबर होतं. 'मंगल'मध्ये पत्रिका छापणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा.

कन्नड मला वाचता येतं, पण त्या लिपीत मी कारागीर नाही, म्हणून तिथे एका कन्नड मित्राला बसवलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कन्नड अक्षर गोल, त्यात सरळ खांब जवळजवळ नाहीतच. डोक्यावर तलकट्टू नावाची आडवी टोपी असते, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. बोदोनीचा नियम लावला तर टोपी आणि ओत्तक्षराचे बारीक फाटे पहिल्यांदा गायब होतात. म्हणजे आमची शिरोरेषा आणि मात्रा, तसं त्यांचं हे. तो म्हणाला, "तुम्ही इंग्रजीला दागिने घाला, आम्हाला आमचा साधा पोशाख असू द्या."

व्हाइटफील्डच्या पाट्यांवर हाच वाद मोठ्या आकारात चालू आहे. कर्नाटकात २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर निदान ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. बऱ्याच ठिकाणी इंग्रजी नाव त्या नाजूक वळणात राहिलं आणि वर कन्नड आलं ते हाताला लागेल त्या फाँटात, एकसारख्या जाडीचं. दोघं एका घरातले वाटत नाहीत. पण गंमत अशी की रस्त्यावरून वाचता येतं ते कन्नडच. हिशेब करून बघा. पाटीवरचं अक्षर ४०० मिलिमीटरच्या चौकटीचं असेल तर वीस भागांची तार ८ मिलिमीटर येते. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. त्या मापानं ८ मिलिमीटरची रेघ २७ मीटरपर्यंत दिसते. दीडशे भागांचा खांब ६० मिलिमीटर, तो दोनशे मीटरपर्यंत. म्हणजे मधल्या पावणेदोनशे मीटरच्या पट्ट्यात तुम्हाला फक्त खांब दिसतात, 'एच' आहे की दोन 'आय' आहेत ते कळत नाही. रात्री मागून एलईडी लागला की उजेड खांबांवरून सांडतो आणि तार आणखी लवकर जाते. व्हाइटफील्ड (काडुगोडी) मेट्रो स्थानकाच्या फलकांवर सगळी अक्षरं एकसारख्या जाडीची आहेत, ती उगीच नाहीत. धावत्या माणसाला नजाकत बघायला वेळ नसतो.

मॉलच्या आतल्या दुकानाला मात्र हे वळण चालतं, कारण तिथे गिऱ्हाईक पाच-सहा मीटरवर सावकाश फिरत असतं. अत्तराच्या बाटलीवर चालतं, मासिकाच्या मुखपृष्ठावर चालतं, पुस्तकाच्या नावाला चालतं. औषधाच्या पाकिटावर, वीज बिलावर, बसच्या पाटीवर कुणी लावलं तर त्याला थांबवावं.

पत्रिकेचं शेवटी असं ठरलं. वधू-वरांची इंग्रजी नावं बोदोनी वळणात, सोनेरी फॉइलमध्ये. माझा फॉइलवाला पाव मिलिमीटरच्या खालच्या रेघेला हात लावत नाही. गरम ठशाखाली फॉइल एकतर तुटतं नाहीतर फुगून बसतं. आपली वीस भागांची रेघ पाव मिलिमीटर व्हायला अक्षर ३६ पॉइंटांचं हवं, म्हणून नावं ३६ वर नेली आणि काकूंना हव्या असलेल्या वेलबुट्टीला कात्री लावली. त्यावर दोन दिवस अबोला होता. मराठी नावं बोरूच्या वळणात ठेवली, जरा मोठी, शिरोरेषा भरदार. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्यावर सारख्या दिसायला नकोत, पण पानावरचा काळेपणा सारखा हवा. डोळे किलकिले करून कागद लांब धरला की दोन्ही ओळी सारख्याच करड्या दिसल्या पाहिजेत, एवढीच कसोटी लावली. मात्रा आणि उकार यांना जागा म्हणून मराठी ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा दीडपट ठेवलं. पत्ता, मुहूर्त, मंगल कार्यालय हे सगळं 'तिरो'त, ११ पॉइंट.

मजकुराचा मरून रंग चार रंगांच्या मिश्रणानं न करता तयार एका शाईत घेतला. चार प्लेटांची जुळणी केसभर हलली की केसाएवढ्या रेघेला लाल-निळी सावली पडते. रिव्हर्स कुठेही नाही, मोरे मंडळींची आठवण ताजी होती. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची प्रत वेगळी केली, त्यात इंग्रजी नावांना जाड तारेचं 'टेक्स्ट' रूप लावलं. निम्म्याहून अधिक पाहुणे तीच प्रत बघणार होते, तीही अ‍ॅपनं दाबून लहान केलेली.

काकूंना पत्रिका आवडली. मराठी 'अगदी असंच' झालं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मी विचारलं नाही.

तुमच्या घरात कार्य असेल आणि कुणी असं नाजूक अक्षर सुचवलं, तर एक करा: ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, खऱ्या मापात एक प्रूफ मागा आणि ते रात्री घरच्या दिव्याखाली आजीला वाचायला द्या. छापखानेवाले प्रूफ फोनवर पाठवतील. ते घेऊ नका.